मस्टर भरलं, माप कुठे आहे?

एखाद्याने आपला एक तास मोबदला न घेता दुसऱ्याच्या कामासाठी दिला, तर त्या तासाची किंमत किती? प्रश्न भाबडा वाटतो, पण त्याची उत्तरं ऐकली की थक्क व्हायला होतं. अमेरिकेत 'इंडिपेंडंट सेक्टर' ही संघटना आणि मेरीलँड विद्यापीठातली 'डू गुड इन्स्टिट्यूट' मिळून दरवर्षी स्वयंसेवेच्या तासाचा भाव जाहीर करतात. २०२४ सालासाठी तो होता ३४ डॉलर ७९ सेंट. सॅन फ्रान्सिस्कोत २००१ साली सुरू झालेली 'टॅपरूट फाउंडेशन' ही संस्था व्यावसायिकांचं कौशल्य सामाजिक संस्थांपर्यंत विनामूल्य पोहोचवते. अशा कौशल्याच्या तासाला तिच्या हिशेबात आधी १५० डॉलर धरले जात, पुढे १९५. त्याच देशाचं आयकर खातं मात्र सांगतं, की पैसे दान केलेत तर वजावट घ्या, वेळ दान केलात तर त्यापोटी एक सेंटही मिळणार नाही. आणि भारतातल्या सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाच्या, हिशेबात या तासाची किंमत आहे शून्य रुपये.

तास तोच, साठ मिनिटांचा. कुठे ३४ डॉलर, कुठे १९५, कुठे शून्य. गंमत म्हणजे यातलं कुणीच चुकलेलं नाही. प्रत्येकाने वेगळा प्रश्न विचारलाय, म्हणून उत्तर वेगळं आलंय.

हा नुसता आकड्यांचा खेळ नाही. जगभरातल्या कंपन्या आज आपल्या कर्मचाऱ्यांना पगारी वेळेत समाजकार्यासाठी सोडतात. 'सेल्सफोर्स' कंपनीने १९९९ मध्ये स्थापनेपासूनच कर्मचाऱ्यांचा १ टक्का वेळ समाजासाठी ठेवला. तिथे वर्षाला सात दिवस पगारी सुटी केवळ स्वयंसेवेसाठी मिळते. आपल्याकडे टाटा समूहाने २०१४ पासून 'टाटा एंगेज' या नावाखाली हे काम एकत्र बांधलं. ३ मार्चला, जमशेटजींच्या जयंतीला धरून, स्वयंसेवा सप्ताह होतो; शिवाय 'प्रोएंगेज' या उपक्रमात कर्मचारी काही महिने एखाद्या संस्थेच्या नेमक्या अडचणीवर आपल्या कौशल्याने काम करतात. कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत या सगळ्याचा शेवट बहुधा एकाच आकड्यात होतो : एकूण स्वयंसेवेचे तास. त्या तासांतून कुणाच्या आयुष्यात काय बदललं, हे कसं मोजायचं? गेली तीसेक वर्षं अर्थतज्ज्ञ, हिशेबनीस आणि संख्याशास्त्रज्ञ या प्रश्नाशी झुंजताहेत, आणि त्यांच्या हाती जे लागलंय ते फार विलक्षण आहे.

भाव ठरतो कसा?

फुकट कामाची किंमत काढायचे दोन ढोबळ मार्ग आहेत. पहिला म्हणजे, हे काम पैसे देऊन करून घेतलं असतं तर किती लागले असते? दुसरा म्हणजे, काम करणाऱ्याने तेवढा वेळ आपल्या नोकरीत घालवला असता तर त्याला किती मिळाले असते? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या अभ्यासकांच्या मदतीने २०११ मध्ये स्वयंसेवा मोजण्याची पुस्तिका काढली, तेव्हा तिने पहिल्या मार्गाला पसंती दिली. अमेरिकेतला ३४ डॉलरचा भावही त्याच जातीचा आहे. खाजगी क्षेत्रातल्या सर्वसाधारण कामगाराची तासाची सरासरी मजुरी घ्यायची आणि त्यावर भत्ते-सवलतींचा खर्च चढवायचा.

आता हे मार्ग आपल्या ओळखीच्या एका प्रसंगाला लावून बघू. समजा, एका कंपनीचे ६० कर्मचारी शनिवारी सकाळी जिल्हा परिषदेच्या शाळेच्या भिंती रंगवायला गेले आणि चार तास राबले. एकूण तास झाले २४०. समजा, त्यांचा सरासरी पगार वर्षाला १८ लाख आहे आणि वर्षभरात कामाचे तास २०००. म्हणजे एका तासाचे ९०० रुपये. दुसऱ्या मार्गाने हिशेब केला, तर कंपनीने शाळेला २ लाख १६ हजार रुपयांची सेवा दिली. पहिल्या मार्गाने बघा. रंगाऱ्याची मजुरी दिवसाला ८०० रुपये, म्हणजे तासाला १०० धरली, तर तेच २४० तास २४ हजारांचे होतात. पण अजून एक पायरी खाली उतरता येतं. भिंत रंगवण्यात मुरलेले दोन रंगारी हेच काम तीन दिवसांत उरकतील असं धरलं, तर शाळेला लागले असते फक्त ४ हजार ८०० रुपये.

आकडे मी मानलेले आहेत, पण त्यांच्यातलं अंतर खरं आहे. एकाच सकाळची किंमत २ लाख १६ हजार, २४ हजार आणि ४ हजार ८००. अहवालात यातला कुठला आकडा छापला जाईल, याचा अंदाज कुणालाही बांधता येईल.

हिशेबाच्या शिस्तीने हे अंतर कमी करायचा प्रयत्न केलाय. अमेरिकेतल्या लेखामानकांनुसार सामाजिक संस्थेला फुकट मिळालेली सेवा आपल्या जमेत दाखवायची असेल, तर एकतर त्या सेवेतून इमारतीसारखी मालमत्ता उभी राहिली किंवा सुधारली पाहिजे, नाहीतर तीन अटी पुऱ्या झाल्या पाहिजेत. कामाला खास कौशल्य लागत असावं, करणाऱ्याकडे ते कौशल्य असावं आणि फुकट मिळालं नसतं तर संस्थेला ते विकत घ्यावंच लागलं असतं. म्हणून डॉक्टर, वकील, लेखापाल, प्लंबर, वीजतंत्री यांचे तास जमेत धरता येतात. लिफाफे भरणाऱ्यांचे नाही. लंडनमध्ये १९९४ साली काही कंपन्यांनी एकत्र येऊन बांधलेली पद्धत आज 'बी फोर एस आय' या नावाने ओळखली जाते. तीही असाच लगाम घालते. फक्त पगारी वेळेतले तास मोजा आणि त्यांना कंपनीला पडणारा खर्च लावा, गिऱ्हाइकाला लावता तो दर लावू नका. एखाद्या बड्या वकिली फर्मचा तासाचा दर कितीही असो, तिने दिलेलं दान तिला पडलेल्या खर्चाएवढंच.

भारताचं शून्य

२०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने ठराविक आकाराच्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्च करणं बंधनकारक केलं. १ एप्रिल २०१४ पासून ते लागू झालं. त्याच वर्षीच्या जूनमध्ये कंपनी व्यवहार मंत्रालयाने सांगितलं होतं, की कर्मचाऱ्यांनी कामाच्या वेळेतले जेवढे तास सीएसआरला दिले तेवढ्या प्रमाणात त्यांचा पगार या खर्चात धरता येईल. सप्टेंबरात ते स्पष्टीकरण मागे घेतलं गेलं. पुढे २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये मंत्रालयाने निःसंदिग्ध शब्दांत खुलासा केला : कर्मचाऱ्यांना या कामात जरूर सामील करून घ्या, त्याने त्यांना अभिमान वाटेल, कंपनीची वृत्ती बदलेल; पण त्यांच्या प्रो बोनो, म्हणजे विनामोबदला, सेवेला पैशांचं रूप देऊन ती सीएसआर खर्चात दाखवता येणार नाही.

हे शून्य मला फार शहाणपणाचं वाटतं. २०२२-२३ मध्ये देशभरात सीएसआरवर सुमारे ३० हजार कोटी रुपये खर्च झाले, आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा सर्वात मोठा होता. वर हिशेब केलेली शनिवारची सकाळ २ लाख १६ हजारांना धरायची मुभा असती, तर गावच्या दवाखान्याला, वसतिगृहाला, पाणलोटाच्या कामाला जाणारा खराखुरा पैसा त्या सकाळीने खाल्ला असता.

पण शून्याने एक पोकळीही तयार केली. २०२१ च्या नियमांनुसार, ज्या कंपन्यांचं सीएसआरचं सरासरी दायित्व १० कोटी किंवा त्याहून जास्त आहे त्यांनी १ कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांचा परिणाम स्वतंत्र संस्थेकडून तपासून घ्यायचा आहे, तोही काम संपल्यावर किमान एक वर्ष जाऊ देऊन. रुपया कुठे गेला आणि त्याने काय केलं, हे विचारणारा कुणीतरी आहे. तासाला मात्र असा विचारणारा नाही. तो खर्चात नाही, म्हणून तपासणीतही नाही. उरतो फक्त एकूण तासांचा आकडा.

महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावर गेलेल्या कुणालाही या पोकळीचा अर्थ पटकन कळेल. तिथे दोन वह्या असतात. मस्टरवर हजेरी लागते : कोण आलं, किती दिवस आलं. आणि मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे 'एमबी'त, माती किती निघाली ते टेप लावून लिहिलं जातं : लांबी, रुंदी, खोली, घनमीटर. मजुरी निघते ती मापावर. उन्हातान्हात खडी फोडणाऱ्या, चर खणणाऱ्या मजुराकडून आपण दोन्ही वह्या मागतो. स्वयंसेवेच्या बाबतीत सुशिक्षित जग एकाच वहीवर समाधान मानतं. मस्टर चोख भरलेलं असतं. एमबी उघडलेलीच नसते.

११ सेकंद

माप घेतलं तर काय दिसतं, याचं एक उदाहरण न्यूयॉर्कमधलं आहे. तिथली 'फूड बँक' ही गरजूंना अन्न पुरवणारी संस्था. 'टोयोटा' कंपनी तिला देणगी देत असे. मग एका टप्प्यावर कंपनीने पैशांऐवजी आपले अभियंते देऊ केले, काइझेन करण्यासाठी. चाकण-भोसरीच्या कारखान्यांत काम केलेल्यांना हा शब्द नव्याने सांगायला नको : रोजच्या कामातली फुकट जाणारी हालचाल शोधायची आणि ती थोडी थोडी काढून टाकत जायचं.

हार्लेममधल्या एका अन्नछत्रात रात्रीच्या जेवणासाठी लोकांना कधी कधी ९० मिनिटं ताटकळावं लागे. अभियंत्यांनी नुसतं उभं राहून पाहिलं. लोकांना दहा-दहाच्या गटाने आत सोडलं जात होतं. म्हणजे दहा खुर्च्या रिकाम्या होईपर्यंत आधी रिकाम्या झालेल्या खुर्च्या तशाच पडून राहत. त्यांनी सुचवलं, एक खुर्ची रिकामी झाली की एक माणूस आत घ्या, आणि रिकाम्या खुर्चीवर नजर ठेवायला एकाला नेमा. थांबण्याची वेळ १८ मिनिटांवर आली. स्वयंपाकघर तेच, खुर्च्या त्याच.

ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी चक्रीवादळाने शहराचा किनारा झोडपला. ब्रुकलिनमधल्या एका गोदामात स्वयंसेवक वादळग्रस्तांसाठी शिध्याची खोकी भरत होते. एक खोकं भरायला तीन मिनिटं लागत. अभियंत्यांनी तिथली मांडणी बदलली आणि खोकं भरण्याचा वेळ ११ सेकंदांवर आला. जिथे तासाला वीस खोकी निघत, तिथे त्याच गणिताने सव्वातीनशेच्या वर निघू लागली.

आता या कामाला तासाचा भाव लावून बघा. समजा, अभियंत्यांचे १०० तास लागले. १९५ डॉलरच्या दराने १९ हजार ५०० डॉलर झाले. आकडा बरोबर आहे, पण त्यातून काय कळलं? त्या शंभर तासांनी गोदामातल्या प्रत्येक स्वयंसेवकाच्या प्रत्येक तासाची किंमत सोळा पटींनी वाढवली, ही खरी घटना त्या आकड्यात कुठेच नाही. माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वात सुंदर गोष्ट इथे आहे. कौशल्याचा तास स्वतःहून फार काही घडवत नाही. तो दुसऱ्यांच्या तासांना मोल देतो.

चर खणण्याआधीचा तास

हीच गोष्ट आपल्या माळरानावर अनेकांनी डोळ्यांनी पाहिली आहे. 'पाणी फाउंडेशन'ची 'वॉटर कप' ही जलसंधारणाची पहिली स्पर्धा २०१६ मध्ये वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांतल्या ११६ गावांत झाली. कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं. पुढे स्पर्धा पसरत गेली. शहरांतून 'जलमित्र' म्हणवले जाणारे स्वयंसेवक येऊ लागले, त्यांत कंपन्यांचे कर्मचारीही होते. १ मे २०१८ च्या महाश्रमदानाला तर गावोगावी शहरातली माणसं कुदळ-फावडं घेऊन उभी होती.

या स्पर्धेत श्रमदान घनमीटरमध्ये मोजलं जाई, आणि या मापात एक मोठं सत्य दडलेलं आहे. ६० सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर खोल आणि १० मीटर लांब असा चर खणला, की १.८ घनमीटर माती निघते. तेवढ्याच जागेत एका वेळी १८०० लिटर पाणी थांबतं आणि जमिनीत मुरतं. पावसाळ्यात चर जितक्या वेळा भरेल तितक्या वेळा हे घडतं. इथे माप थेट फळाशी जोडलेलं आहे.

पण एका अटीवर. चर समपातळीत हवा. तो जरासा कलला, तर पाणी एका टोकाला जमतं, तिथून बांध फोडतं आणि चरानेच माती वाहून नेली असं होतं. म्हणून पहिल्या कुदळीच्या आधी कुणीतरी उतारावर समपातळीची रेघ आखावी लागते. साधन अगदी साधं : तीन काठ्या इंग्रजी 'ए'सारख्या बांधायच्या, आडव्या काठीच्या मधोमध खूण करायची आणि शेंड्यावरून दोरीला दगड टांगायचा. दोरी खुणेवर स्थिरावली की दोन्ही पाय एका पातळीत आले. तिथे फक्की टाकायची, एक पाय तसाच ठेवून दुसरा फिरवायचा, पुढची खूण. पारदर्शक नळीत पाणी भरूनही हेच करता येतं. एका माणसाचा आखणीचा एक तास पुढच्या शंभर माणसांच्या घामाचं भवितव्य ठरवतो. मस्टरवर दोघांचाही एकेक तासच लागतो. म्हणूनच स्पर्धेत गावकऱ्यांचं प्रशिक्षण आधी होई आणि खणणं नंतर.

किंमत काढताना काय वजा करायचं?

परिणामाचं माप घ्यायची एक शिस्तबद्ध पद्धत नव्वदच्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोमधल्या 'आरईडीएफ' या निधीने विकसित केली. सामाजिक कामातून एका रुपयामागे किती रुपयांचं सामाजिक मूल्य परत आलं, हे ती काढते. पुढे ब्रिटिश सरकारने २००९ मध्ये तिची मार्गदर्शिका काढली. मला या पद्धतीतला भागाकार फारसा मोहवत नाही. मोहवते ती तिची वजाबाकी. आपण केलेल्या कामाच्या फळातून चार गोष्टी प्रामाणिकपणे वजा करा, असं ती सांगते.

पहिली वजाबाकी : आपण नसतो, तरी जे झालंच असतं ते. १६ जुलै १९९१ रोजी मुंबईहून निघालेली 'लाइफलाइन एक्स्प्रेस' ही रुळांवरची रुग्णालय-गाडी दुर्गम भागांत जाते, आणि नामांकित शल्यचिकित्सक तिच्यात विनामूल्य शस्त्रक्रिया करतात. जिथे मोतीबिंदू किंवा दुभंगलेला ओठ दुरुस्त करणारं कुणीच पोहोचत नाही, तिथे ही वजाबाकी जवळजवळ शून्य असते. तोच शल्यचिकित्सक पुण्यात, जिथे चार रस्ते सोडून दुसरं रुग्णालय आहे, तिथे तेवढाच वेळ देईल तेव्हा ती खूप मोठी होते.

दुसरी : इतरांचा वाटा. ऑपरेशन एका हाताने होत नाही. रुग्णांना हुडकून आणणारी गावातली आरोग्य कार्यकर्ती, उपकरणं निर्जंतुक करणारा कर्मचारी, नंतर मलमपट्टी बदलणारी परिचारिका या सगळ्यांचे तास त्या यशात आहेत.

तिसरी : जे नुसतं इकडून तिकडे सरकलं ते. शाळेची भिंत फुकट रंगली, म्हणजे गावातल्या रंगाऱ्याचे ४ हजार ८०० रुपये बुडाले. शाळेचा नफा आणि त्याचा तोटा एकाच हिशेबात मांडायला हवेत.

चौथी : काळाबरोबर जे ओसरतं ते. समजा, एका संगणक अभियंता तरुणीने साठ तास खर्चून एका संस्थेसाठी नोंदींची प्रणाली बनवली. वीस आरोग्य कार्यकर्त्या दर महिन्याला अहवालापायी दोन दिवस, म्हणजे सोळा तास घालवत होत्या. आता दोन तासांत होतं. महिन्याला २८० तास वाचले, वर्षाला ३३६०. तेवढे तास आता बाळंतिणींच्या घरी जातील, बाळांची वजनं घेण्यात जातील. साठ तासांचं एवढं फळ बघून कुणाचाही ऊर भरून येईल. पण सहा महिन्यांनी प्रणाली बंद पडली आणि ती दुरुस्त करणारं संस्थेत कुणी नसलं, तर कार्यकर्त्या पुन्हा वह्यांकडे वळतील. म्हणून शेवटचे दहा तास संस्थेतल्या एकीला शिकवण्यात गेले का, यावर आधीच्या पन्नास तासांची किंमत ठरते.

आणि एक खर्च या चारही वजाबाक्यांत सहसा सुटतो : यजमानाचा. साठ पाहुणे येणार म्हणून संस्थेचे दोन कार्यकर्ते आठवडाभर तयारी करतात. जागा, साहित्य, चहा-नाश्ता, फोटो, आभाराचं पत्र. त्यांचे हे तास कुठल्याच अहवालात येत नाहीत. देणगीदार दुखावू नये म्हणून संस्था बोलत नाहीत. कंपनीनेच आपण होऊन विचारायला हवं.

देणाऱ्याला काय मिळतं?

पुढे बँक ऑफ इंग्लंडचे मुख्य अर्थतज्ज्ञ झालेले अँडी हॅल्डेन यांनी २००९ मध्ये एका सहकाऱ्यासोबत 'प्रो बोनो इकॉनॉमिक्स' ही संस्था काढली. अर्थतज्ज्ञांनी आपलं कौशल्य फुकट द्यायचं आणि सामाजिक संस्थांना आपल्या कामाची किंमत मोजायला मदत करायची. प्रो बोनो कामाचं मोल मोजण्यासाठी प्रो बोनो काम, ही कल्पनाच किती लोभस आहे! २०१४ मध्ये लंडनला दिलेल्या व्याख्यानात हॅल्डेन यांनी विचारलं, की देताना आपल्याला मिळतं किती?

ब्रिटनमधल्या अभ्यासकांनी त्याचंही माप घेतलंय. एखाद्या माणसाचं समाधान नियमित स्वयंसेवेने जेवढं वाढतं, तेवढंच पैशाने वाढवायचं झालं तर त्याची मिळकत किती वाढायला हवी? २०११ च्या किमतींनुसार उत्तर आलं वर्षाला सुमारे १३ हजार ५०० पौंड. मुळात समाधानी माणसंच स्वयंसेवेकडे जास्त वळतात, हे या गणितातून पूर्ण वेगळं काढणं अवघड आहे; तरीही आकडा विचार करायला लावतो.

ऑक्सफर्डचे विल्यम फ्लेमिंग यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास याला पुष्टी देतो. ब्रिटनमधल्या २३३ आस्थापनांतल्या ४६ हजार ३३६ कर्मचाऱ्यांची माहिती त्यांनी तपासली. ताणमुक्तीच्या कार्यशाळा, ध्यानाचे वर्ग, झोपेची ॲप असे उपाय घेणारे कर्मचारी न घेणाऱ्यांपेक्षा सुखी आढळले नाहीत. एकच अपवाद ठळक निघाला : स्वयंसेवेची संधी मिळालेले. कंपन्या कर्मचाऱ्यांच्या मनःस्वास्थ्यावर जो खर्च करतात, त्यात सर्वात खात्रीचा उपाय कदाचित दुसऱ्याच्या उपयोगी पडण्याचा असावा.

यात वावगं काही नाही. देणारा समृद्ध झाला तर घेणाऱ्याचं काही कमी होत नाही. फक्त दोन्ही मापं वेगवेगळी लिहावीत. कर्मचारी आनंदून परतले, हा कंपनीचा लाभ आहे; त्याला समाजाचा लाभ म्हणून दाखवू नये.

दुसरी वही उघडा

जिनिव्हात २०१३ साली झालेल्या जगभरातल्या श्रम-संख्याशास्त्रज्ञांच्या परिषदेने ठरवलं, की विनामोबदला स्वयंसेवा हेही 'काम'च आहे आणि देशांनी ते मोजायला हवं. संयुक्त राष्ट्रांच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात दर महिन्याला ८६ कोटी २० लाख माणसं काही ना काही स्वयंसेवा करतात. तास मोजणं म्हणूनच महत्त्वाचं आहे. त्याशिवाय ही प्रचंड मानवी ऊर्जा राष्ट्रांच्या हिशेबात अदृश्यच राहिली असती. राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तास भरलेल्या कॉलेजच्या मुला-मुलींना, त्या तासांनी लागलेली सवय पुढे आयुष्यभर पुरते हेही ठाऊक असतं. मस्टर टाकून द्यायचं नाही. त्याच्या शेजारी एमबी ठेवायची.

त्यासाठी बड्या सल्लागारांची गरज नाही. कंपनीच्या सीएसआर विभागात काम करणाऱ्यांना आणि यंदा स्वयंसेवेला नाव नोंदवणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे : जाण्याआधी संस्थेला विचारा, तुमचं कुठलं काम अडलंय? आम्ही न आलो तर ते कोण करेल? आम्हाला सांभाळताना तुमचे किती तास जातील? आणि वर्षभराने पुन्हा त्याच दारी जाऊन चौथा प्रश्न विचारा : आम्ही केलेल्यातलं आज काय चालू आहे? संस्थांनीही भीड न ठेवता खरी उत्तरं द्यावीत. भिंतीला रंग नको असेल तर नको म्हणावं, आणि हिशेबनीस हवा असेल तर तो मागावा.

फुकट दिलेल्या तासाची खरी किंमत देणाऱ्याच्या पगारावरून कधीच कळणार नाही. ती घेणाऱ्याला विचारावी लागते, आणि तीही वर्षभराने.